जॅक मोजता येतो, कॉइल नाही

विमान उद्योगात काही कामांना ‘स्पेशल प्रोसेस’ म्हणतात: उष्णोपचार, वेल्डिंग, प्लेटिंग. भट्टीचं तापमान मध्येच घसरलं होतं का, हे तयार पुर्जा निरखून कळत नाही. म्हणून माल तपासण्याबरोबर तो घडवण्याची रीतही तपासायची, या विचाराला अमेरिकेत १९९० मध्ये ‘नॅडकॅप’ या मान्यता-पद्धतीचं रूप आलं. इंदूरने मात्र हाच धडा विमानांवाचून गिरवला. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या इथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे (आजचं राजा रामण्णा केंद्र) जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’च्या हॅड्रॉन कोलायडरसाठी दोन भिन्न जातींची कामं आली. पहिलं जॅकचं. पंधरा मीटर लांब, तीसेक टनांचं चुंबक तीन जॅकवर बसतं आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं सरकवता यावं लागतं. असे सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. बनवणाऱ्यांत इंदूरची इंडो-जर्मन टूल रूमही होती. जॅकवर भार ठेवा, डायल गेज लावा, निकाल समोर. दुसरं काम १,८४८ अतिवाहक सुधारक चुंबकांचं. त्यांत निओबियम-टायटॅनियमची तार गुंडाळून इपॉक्सीत कायमची बंद होते. आत पोकळी राहो की जोड कच्चा राहो, कॉइल वरून तेवढीच देखणी.

कुणी म्हणेल, द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर चाचणी घेता येते, मग गुंडाळतानाचा ताण नि इपॉक्सीचं मिश्रण यांच्या नोंदी कशाला? चाचणी त्या दिवसापुरतं सांगते. पुढची कित्येक वर्षं गारठणं-तापणं सोसायचं असतं. १९ सप्टेंबर २००८ ला, कोलायडर सुरू होऊन नऊच दिवस झाले असताना, चुंबकांमधला एक विद्युत जोड निकामी झाला. काही टन हेलियम बोगद्यात सुटलं, ५३ चुंबकं दुरुस्तीसाठी वर काढावी लागली. तो जोड भारतीय चुंबकांतला नव्हता, हे सांगायलाच हवं. पण दोष जोडणीच्या कामात होता आणि काम झाल्यावर तो झाकला गेला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ही मान्यता म्हणजे बड्या खरेदीदारांनी छोट्या कारखान्यांवर लादलेला कागदांचा आणि खर्चाचा बोजा. सरसकट लादली तर तो बोजाच. जॅकवाल्याकडे लेखापरीक्षकांची फौज धाडण्यात अर्थ नाही. तिथे गेज पुरतो. कारखानदाराने हुज्जत घालायची ती तिथे. इपॉक्सीच्या भट्टीचा तक्ता मागितला तर मात्र तो काढून द्यावा लागेल, कारण त्या कॉइलबद्दल दुसरा साक्षीदारच नाही.