लाराच्या उडीचं माप

डर्बी शहराच्या रिंगरोडवर 'लारा क्रॉफ्ट वे' अशी पाटी आहे. मिडलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती गाडीतून जाताना पाहिली असेल. २०१० साली या रस्त्याच्या नावासाठी लोकांचं मत घेतलं आणि जिंकली कोण, तर एका कॉम्प्युटर गेमची नायिका! क्लायंटकडे जाताना ती पाटी दिसली की मी क्षणभर तेरा वर्षांचा होतो आणि नाशिकला आतेभावाच्या पेंटियमसमोर जाऊन बसतो.

लारा मूळची डर्बीचीच. तिथल्या कोअर डिझाइन या कंपनीने १९९६ साली 'टूम रेडर' काढला. टोबी गार्ड या तरुण कलाकाराने लाराला घडवलं. जुनी देवळं, गुहा, पाण्याखालचे बोगदे आणि त्यातून वाट काढणारी एकटी लारा. गेम इतका चालला की कंपनीने दरवर्षी एक भाग काढायचा सपाटाच लावला. १९९८ च्या तिसऱ्या भागाची सुरुवात तर भारतातल्या जंगलात होते आणि तिथली माकडं चक्क वस्तू पळवतात. ते पाहून आम्हाला कोण आनंद झाला होता!

आता थोडं इंजिनिअरिंग. (घाबरू नका, शेवटी परीक्षा नाही.) हे सगळं जग चौकटींवर उभं होतं. डॉसवरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतोय? तसंच, फक्त तीन मितींत. लांबी-रुंदीचं एकक म्हणजे एक चौकट. उंचीसाठी तिचे चार भाग, प्रत्येक भागाला म्हणायचं 'क्लिक'. लाराची प्रत्येक हालचाल या मापात बसवलेली. उभ्या उभ्या उडी मारली तर ती एक चौकट ओलांडते, धावत मारली तर दोन, आणि धावत उडी मारून पलीकडची कड हाताने पकडली तर तीन. चार चौकटींची दरी मात्र तिला कधीच जमत नाही. त्यामुळे खेळणारा नुसत्या नजरेने दरी मोजू शकतो. पडलो तर चूक आपली, बांधणाऱ्याने फसवलेलं नाही, एवढा विश्वास असतो.

नोव्हेंबर २००० मध्ये 'टूम रेडर क्रॉनिकल्स' हा पाचवा भाग आला. त्याच्या पीसी आवृत्तीबरोबर कंपनीने आणखी एक सीडी दिली. तिच्यात होता लेव्हल एडिटर. डर्बीतली माणसं ज्या पद्धतीने लेव्हल्स बांधत, ती पद्धतच गिऱ्हाइकाच्या हातात दिली! एक खोली जास्तीत जास्त वीस बाय वीस चौकटींची. फरशी, भिंत, छत, सगळं चौकटी-चौकटीने मढवायचं. अमुक चौकटीवर पाय पडला की तमुक दार उघडेल, हेही आपणच ठरवायचं. तलावाचं पाणी ओसरल्याचं दाखवायचं तर एकाच खोलीच्या दोन प्रती करायच्या, एक भरलेली आणि एक कोरडी. लाराने कळ ओढली की गुपचूप अदलाबदल! हे कळलं तेव्हा जादूगाराच्या टोपीतला चोरकप्पा सापडल्यासारखं वाटलं होतं.

२००१ च्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या अंगणात बाकीची मुलं मातीचा किल्ला करत होती आणि मी आत कॉम्प्युटरवर. बुरूज, चोरवाटा, खंदक, सगळं केलं. भाऊबीजेला दादाला खेळायला बसवलं. खंदकापाशी तो पडला, पुन्हा पडला, पडतच राहिला. मी मागे उभा राहून खदखदून हसत होतो. शेवटी त्याने चौकटी मोजल्या. चार!

"अरे, हे होणारच नाही. मग यात तुझी हुशारी ती काय?" असं म्हणून तो उठला आणि बाहेर मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडायला निघून गेला. ती लेव्हल त्यानंतर कोणीच खेळलं नाही.

पुढे इतर चाहत्यांच्या लेव्हल्स खेळलो तेव्हा त्याचं म्हणणं समजलं. चांगला बांधणारा आधी तीच उडी जमिनीवर करायला लावतो, मग काट्यांवरून. दूरचं दार उघडलं तर क्षणभर कॅमेरा तिकडे नेतो. अंधाऱ्या दालनात वाटेच्या तोंडाशी थोडा उजेड ठेवतो. अवघड करायचं, पण समोरच्याला जमेल असं.

इकडे कंपनीचे दिवस फिरले. २००३ चा 'एंजल ऑफ डार्कनेस' पडला आणि ही मालिका कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली. २००६ मध्ये कोअरची माणसं दुसऱ्या कंपनीत गेली आणि २०१० मध्ये तो डर्बीचा स्टुडिओही बंद झाला. त्याच साली रस्त्याला लाराचं नाव मिळालं, हा योगायोग पाहा!

चाहत्यांचं बांधकाम मात्र थांबलं नाही. आजवर तीन हजारांहून अधिक लेव्हल्स झाल्या, सगळ्या फुकट. जुन्या एडिटरच्या मर्यादा अडवू लागल्या तेव्हा चाहत्यांनी 'टूम एडिटर' हा स्वतःचा नवा एडिटर लिहिला. २०२४ मध्ये पहिले तीन भाग नव्या रूपात अधिकृतपणे निघाले, तेव्हा त्याची तांत्रिक बाजू सांभाळायला कोण होता? 'ओपनलारा' नावाने जुन्या गेमचं इंजिन स्वतः नव्याने लिहिणारा एक चाहता. माझ्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीची फाइल उघडत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात. इथे कंपनी गेली, पण हत्यार लोकांच्या हातात दिलेलं होतं आणि उडीचं माप सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून काम चालू राहिलं, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी नाशिकला माळ्यावर माझी जुनी सीडी सापडली. इकडे आणून नव्या एडिटरमध्ये फाइल लावली आणि किल्ला जसाच्या तसा उघडला! खंदकही तसाच, चार चौकटींचा. पलीकडची कड एक चौकट अलीकडे ओढली, फाइल सेव्ह केली आणि दादाला फोन लावला.

"आता तरी पोचते का रे ती?" त्याने विचारलं.

"पोचते," मी म्हटलं, "पण कड पकडावी लागते."