धातुखनिजांचा शोध : प्रत्यक्ष क्षेत्रातच मिळणारे शिक्षण

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेल्या हरसूलचा परिसर बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून बनलेल्या या खडकाने राज्याचा बहुतांश भाग व्यापला आहे. लाव्हाचे थर अभ्यासण्यास हा प्रदेश उत्तम. मात्र मँगनीज, तांबे वा जस्ताचे साठे येथे पाहावयास मिळत नाहीत. त्यामुळे या भागातील भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला धातुखनिजांचे शोधकार्य शिकण्यासाठी थेट पूर्व विदर्भ गाठावा लागतो.

नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीज, खोबना येथील टंगस्टन, चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथील तांबे आणि गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज बेसॉल्टहून कितीतरी प्राचीन खडकांत आढळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची प्रशिक्षण संस्था हैदराबाद येथे असून, चित्रदुर्ग आणि राजस्थानातील झावर येथे तिची क्षेत्रीय प्रशिक्षण केंद्रे आहेत. झावर येथे जस्ताचे प्राचीन काळापासून उत्खनन झाले आहे.

नकाशापासून बोअरपर्यंत

प्रशिक्षणाचा आरंभ होकायंत्र, हातोडा आणि जीपीएस यांच्या साहाय्याने नकाशा तयार करण्यापासून होतो. विदर्भातील मँगनीजचे थर घड्या पडलेले असल्याने थराची दिशा व उतार मोजण्यात चूक झाल्यास बोअर भलत्याच जागी घेतला जातो. त्यानंतर ओढ्यांतील गाळाचे व मातीचे नमुने तपासले जातात. मॅग्नेटाइटसाठी चुंबकीय, जड खनिजांसाठी गुरुत्वीय, तर खडकात विखुरलेल्या सल्फाइड खनिजांसाठी विद्युत सर्वेक्षण उपयोगी पडते. उपग्रहचित्रे व संगणक यांमुळे शोधाचे क्षेत्र कमी करता येते. परंतु खनिज आहे की नाही, याचा निर्णय बोअरमधून निघालेला खडकाचा दंडगोलच देतो.

अर्ध्या दंडगोलाचे महत्त्व

हा दंडगोल उभा चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा फेरतपासणीसाठी जपून ठेवायचा, असा प्रघात आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने हा प्रघात पाळला नाही. सर्व खडक दळला गेला, नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेले आणि १९९७ मध्ये हा बनाव उघड होताच गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर बुडाले. नमुन्यांबरोबर ज्ञात प्रमाणाचे आणि धातुविरहित नमुनेही पाठविण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावली जाते, ती याचसाठी.

भारतात २०१५ च्या नियमांनुसार शोधकार्याचे जी-४ ते जी-१ असे चार टप्पे आहेत. २०२३ च्या कायदादुरुस्तीने २९ महत्त्वाच्या व खोलवरच्या खनिजांसाठी स्वतंत्र शोध परवाना आणला. खासगी कंपन्यांचा सहभाग वाढत असताना, लिलावात बोली लावणारा ज्या अहवालावर विसंबतो, तो अहवाल क्षेत्रावरील याच नोंदवहीतून आकाराला येतो. त्यामुळे हरसूलसारख्या भागातून या शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या गुणांइतकेच महत्त्व क्षेत्रावरील दिवसांना द्यायला हवे.