पारख आणि भाव : लहान कॉलेजच्या एका खेळाडूची हकीकत

१९३६ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ८ तारखेस अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, रिट्झ-कार्लटन हॉटेलात, धंदेवाईक फुटबॉलच्या नऊ संघांची मंडळी जमली. फळ्यावर ९० नावे लिहिली होती. ही सारी कॉलेजातून त्या वर्षी बाहेर पडणारी मुले. एकेका संघाने पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे, आणि ज्याने नाव उचलले त्याच्याशीच त्या मुलाने पगाराची बोलणी करायची, असा करार मालकांनी आपसांत केला. नऊ फेऱ्यांत ८१ नावे गेली. ज्यांची नावे गेली त्यांतला एकही मुलगा त्या बैठकीत नव्हता.

ही कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्याच्या आदल्या वर्षी स्टॅन कॉस्टका नावाच्या मिनेसोटाच्या एका खेळाडूवरून संघांमध्ये चढाओढ लागली होती, आणि शेवटी तो ब्रुकलिनकडे गेला. बेल यांचा संघ तळाला होता. तळाच्या संघाला पहिली निवड मिळावी, म्हणजे दुबळे सबळ होतील, हा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या दिवशी एका मुलामागे एकच गिऱ्हाईक उरले, त्या दिवशी त्या मुलाचा भाव ठरविण्याची रीत बदलली, हेही तितकेच खरे. या रीतीस तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच, आणि त्यातही एका विशिष्ट माणसाचा भाव : लहान कॉलेजातून आलेल्या कॉर्नरबॅकचा.

आता कॉर्नरबॅक म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, हातांत धरून पळायचा किंवा हाताने फेकायचा. बाजूला अकरा-अकरा गडी. फेकणाऱ्यास क्वार्टरबॅक म्हणतात, आणि मैदानाच्या कडेने धावत जाऊन तो चेंडू झेलणारे गडी वेगळे असतात. या झेलणाऱ्याला अडवायचे, आणि साधल्यास चेंडू मधल्यामधे आपणच पकडायचा, हे कॉर्नरबॅकचे काम. झेलणाऱ्याला आपण कोठे वळणार ते ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते ठाऊक नसते, आणि त्यातही तो पहिली पावले उलट्या दिशेने, पाठीमागे टाकीत असतो. एकदा चुकला तर सारे मैदान पाहते. त्याच्या मागे सावरायला बहुधा कोणी नसते.

या कामाची पारख करणे फार अवघड, आणि त्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. कॉर्नरबॅक खरोखर चांगला असला तर क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकीतच नाही. म्हणजे ज्याने काम उत्तम केले त्याच्या नावापुढे आकडाच पडत नाही. आमच्या कामगार बंधूंना हे सांगावे लागू नये. देखभाल खात्यातला फिटर चांगला असेल तर यंत्र बंद पडत नाही, आणि यंत्र बंद पडत नाही म्हणून साहेब विचारतो, ‘हा माणूस दिवसभर करतो तरी काय ?’

त्यात कॉलेज लहान असले की दुसरा प्रश्न येतो. या मुलाने दहा चेंडू पकडले खरे, पण कोणाविरुद्ध पकडले ? हा प्रश्न गैर नाही. मोठ्या विद्यापीठाच्या कॉर्नरबॅकपुढे दर आठवड्यास उद्याचे धंदेवाईक खेळाडू उभे असतात. लहान कॉलेजातल्याला तसा एखादा वर्षभरात भेटला तर भेटला. प्रश्न योग्य, पण त्याचे उत्तर शोधण्यास कोणी गेलेच नाही, तर त्या प्रश्नाचीच सबब होते.

डिक लेन याची गोष्ट घ्या. टेक्सास राज्यातील ऑस्टिन गावी तान्हेपणी टाकून दिलेले हे मूल एला लेन नावाच्या बाईने वाढविले. नेब्रास्कातील स्कॉट्सब्लफ ज्युनियर कॉलेजात एक वर्ष, मग लष्करात काही वर्षे, आणि नंतर कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात तेलाने माखलेले जड पत्रे उचलण्याचे काम. ड्राफ्टच्या कोणत्याही फळ्यावर त्याचे नाव नव्हते. १९५२ साली हा माणूस वर्तमानपत्रांतील कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या कचेरीत स्वतःच शिरला आणि काम द्या म्हणाला. आधी त्याला झेलणारा म्हणून आजमावले, मग बचावात उभे केले. त्या वर्षीच्या १२ सामन्यांत त्याने १४ चेंडू मधल्यामधे पकडले. आता मोसमात १७ सामने असतात, तरीही तो उच्चांक मोडलेला नाही. त्या वर्षी ड्राफ्टच्या ३० फेऱ्या झाल्या होत्या, श्रोतेहो ! तीस फेऱ्यांत साऱ्या पारख्यांनी नावे वेचली, आणि हा गडी पत्रे उचलीत होता.

लेन कृष्णवर्णीय होता, आणि या हकीकतीचा खरा गाभा येथे आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या धंदेवाईक संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ साली रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन याला घेतले, तेही सार्वजनिक मैदान हवे असेल तर ही अट पाळा, असा दबाव आला म्हणून. राजधानीच्या वॉशिंग्टन शहरातील संघ तर १९६२ पर्यंत अडून बसला. आणि दक्षिणेकडील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारातच उभे करीत नसत. त्यामुळे त्यांच्यातले उत्तमोत्तम खेळाडू ग्रॅम्बलिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट, प्रेअरी व्ह्यू अशा त्यांच्याच कॉलेजांत जात. ‘लहान कॉलेज’ हा शब्द पारखी सहजपणे वापरीत. पण ते लहानपण खेळाचे नव्हते, दुसरीकडची दारे बंद असल्याचे होते. कोणाविरुद्ध खेळला, असे त्या मुलाला विचारणाऱ्यांनी, त्याला कोणाविरुद्ध खेळू दिले, हे विचारले नाही.

ग्रॅम्बलिंगचा विली ब्राउन १९६३ साली बाहेर पडला. तेव्हा दोन प्रतिस्पर्धी लीग होत्या, दोघींचे ड्राफ्ट वेगळे. दोन्हींत त्याचे नाव कोणी घेतले नाही. ह्यूस्टनने शिबिराला बोलावून परत पाठविले. मग डेन्व्हरने घेतले, पुढे तो ओकलंडकडे गेला, आणि १९७७ च्या जानेवारीत अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याने पकडलेला चेंडू ७५ यार्ड पळवीत नेऊन गुण केला. जॅक्सन स्टेटचा लेम बार्नी १९६७ साली ३४ वा निवडला गेला, आणि पहिल्याच मोसमात त्याने १० चेंडू पकडले.

अशा वेळी डोळे कोणाजवळ होते ? पिट्सबर्गमध्ये ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे कृष्णवर्णीय समाजाचे वर्तमानपत्र निघे. त्याचे पत्रकार बिल नन (धाकटे) दरवर्षी त्या समाजाच्या कॉलेजांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ निवडून छापीत. गावोगाव त्यांची ओळख, प्रत्येक प्रशिक्षकाशी घरोबा. गावातल्याच स्टीलर्स संघाची वागणूक त्यांना पटत नसे, आणि ते तिकडे फिरकत नसत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मालक घराण्यातील डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा नन यांनी आपली नाराजी तोंडावर सांगितली. रूनी यांनी त्यांनाच कामावर घेतले. दुखावलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून त्यालाच काम सोपविणारा मालक आम्हांला फारसा भेटलेला नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९७० च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी तिसऱ्या फेरीत, ५३ वा म्हणून, सदर्न विद्यापीठाचा मेल ब्लाउंट घेतला. उंच, धिप्पाड आणि तरीही चपळ. झेलणाऱ्याला तो असा दाबून धरी की १९७८ साली लीगला नियमच बदलावा लागला : पहिल्या पाच यार्डांपलीकडे अंगास हात लावायचा नाही. नियम बदलूनही ब्लाउंट खेळतच राहिला. १४ मोसमांत ५७ चेंडू त्याने पकडले. तिसऱ्या फेरीच्या भावात मिळालेल्या माणसासाठी साऱ्या खेळाचे नियमपुस्तक बदलले ! त्या संघाने सहा मोसमांत चार अजिंक्यपदे मिळविली. बिल नन यांना २०२१ साली, मृत्यूनंतर सात वर्षांनी, खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले.

नन यांची वाट माणसांच्या ओळखीची. दुसरी वाट डॅलसच्या संघाने धरली, आणि तिचा आपल्याशीही एक धागा आहे. १९६२ च्या सुमारास त्या संघाने खेळाडूंची पारख गणकयंत्राने करायचे ठरविले, आणि त्या कामी सलाम कुरेशी हा भारतातून गेलेला संख्याशास्त्रज्ञ नेमला. अमेरिकन फुटबॉल त्याला परका. त्याने प्रशिक्षकांच्या गप्पांतून पाच गुण वेगळे काढले : शील, चपळाई, ईर्षा, बुद्धी आणि बळ, आणि प्रत्येकास अंक द्यायला लावले. या पद्धतीचा मोठा लाभ असा की ती कॉलेजचे नाव पाहून हुरळत नाही. डॅलसने याच काळात लहान कॉलेजांतून कित्येक मोती वेचले.

पण अंकांची गंमत पाहा. १९८० साली ग्रॅम्बलिंगच्या एव्हर्सन वॉल्स याने ११ चेंडू पकडले होते. ४० यार्डांची धाव मात्र स्टॉपवॉचवर मंद भरली. १९८१ च्या ड्राफ्टच्या १२ फेऱ्यांत तीनशेहून अधिक नावे गेली, वॉल्सचे कोणी घेतले नाही. डॅलसनेही नाही, आणि तो डॅलसमध्येच वाढलेला! ड्राफ्ट संपल्यावर त्याच संघाने त्याला स्वस्तात घेतले. पहिल्याच मोसमात त्याने ११ चेंडू पकडून साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. पुढे १९८२ व १९८५ सालीही पहिला तोच. चेंडू कोठे येणार ते आधी ओळखणे याला घड्याळ नसते.

यावरून घड्याळ फेकून द्या, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९८३ साली टेक्सासच्या किंग्जव्हिल गावच्या एका लहान कॉलेजातून डॅरेल ग्रीन आला, अंगाने लहानखुरा. त्याचे विलक्षण धावणे घड्याळाने दाखविले, म्हणूनच तो पहिल्या फेरीत, अगदी शेवटचा का होईना, २८ वा निवडला गेला, आणि २० मोसम खेळला. ४० यार्ड किंग्जव्हिलमध्येही ४० च असतात. आम्ही कारखान्यांच्या दारांशी जी वर्षे घालविली त्यांत असे पुष्कळदा पाहिले की मुलाच्या हातची फाइल पाहण्याआधी फोरमन विचारतो, ‘कुठल्या आय.टी.आय.चा ?’ तालुक्याचे नाव ऐकले की त्याचा चेहरा उतरतो. त्या वेळी मोजमापाची पट्टी हाच त्या मुलाचा खरा वकील असतो. पट्टी एकटीच न्यायाधीश झाली म्हणजे वॉल्सचे जे झाले ते होते.

इथवर पारखीचे झाले. पण पारख चुकली तर भुर्दंड कोणी भरायचा ? १९६८ साली जेम्स स्मिथ, टोपणनाव याझू, हा ओरेगॉन विद्यापीठाचा बचावपटू वॉशिंग्टनच्या संघाने पहिल्या फेरीत १२ वा निवडला. एका वर्षाचा, सुमारे ५०,००० डॉलरचा करार. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेस जबर दुखापत झाली, खेळणे संपले. तो कोर्टात गेला. त्याचे म्हणणे एवढेच : मला एकाच संघाशी बोलणी करता आली, चार संघांशी करता आली असती तर अशा दुखापतीची तरतूद मी करारात घालून घेतली असती. १९७६ साली न्यायमूर्ती विल्यम ब्रायंट यांनी निकाल दिला की हा ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. १९७८ साली अपील कोर्टाने नुकसानभरपाईचा हिशेब बदलला, पण भंग झाला हे कायम ठेवले.

मग ड्राफ्ट आज कसा चालतो ? त्याचे उत्तर आम्हां युनियनवाल्यांना जरा बोचणारे आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या खेळाडूंच्या युनियनने १९७७ च्या सामुदायिक करारात ड्राफ्ट मान्य केला, फेऱ्या १७ वरून १२ वर आणल्या, आणि त्या बदल्यात इतर गोष्टी पदरात पाडून घेतल्या. मालकांनी आपसांत केलेली जी गोष्ट बेकायदा, ती युनियनच्या सहीने कायदेशीर झाली. सही करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही; कराराच्या टेबलाशी बसलेल्याला देवाणघेवाण करावीच लागते. परंतु ज्यांच्या वतीने ही सही झाली ती मुले तेव्हा कॉलेजात होती, युनियनची सभासद नव्हती, आणि त्यांच्या मताची पेटी कोठेच नव्हती. २०११ च्या करारात तर नवख्याचा मेहनताना निवडीच्या क्रमांकाला बांधून टाकला. म्हणजे लहान कॉलेजच्या मुलाला कोणी शंका घेऊन पन्नास जागा खाली ढकलले, तर त्या शंकेचे पैसे पहिल्या करारातून त्याच्याच खिशातून वळते होतात. १९९४ पासून फेऱ्या सात आहेत. सातव्या फेरीत निवडलेल्याला एकच दार. कोणीच न निवडलेल्याला मात्र सगळी दारे मोकळी, त्याने हवा तो संघ निवडावा. पुष्कळ खेळाडूंना अखेरच्या फेरीपेक्षा न निवडले जाणेच बरे वाटते, ते यामुळे.

२०१४ साली वेस्ट अलाबामाचा माल्कम बटलर असाच राहिला. २५६ नावे गेली, त्याचे नव्हते. मध्यंतरी तो मिसिसिपीत तळलेल्या कोंबडीच्या एका दुकानात काम करीत होता. न्यू इंग्लंडने त्याला आजमावून घेतले, आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात, अवघी काही सेकंदे उरली असता, प्रतिपक्ष एका यार्डावर आलेला असता, त्याने चेंडू मधल्यामधे पकडला. तीच चाल सरावात त्याच्यावर टाकली गेली होती, आणि सरावात तो फसला होता. २०१८ साली टेनेसी संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंतचा करार केला.

दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे उघडली तशी कृष्णवर्णीय कॉलेजांतली मुले तिकडे वळली, आणि पारख्यांची पावले या कॉलेजांकडे आणखीच कमी झाली. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये या कॉलेजांतून एकही नाव निघाले नाही. २०२२ साली चार निघाली. त्यांपैकी दोन कॉर्नरबॅक होते, दोघेही चौथ्या फेरीत : फेएटव्हिल स्टेटचा जोशुआ विल्यम्स १३५ वा, आणि साउथ कॅरोलिना स्टेटचा डेकोबी ड्युरंट १४२ वा. विल्यम्सला कॅन्सस सिटीने घेतले, आणि त्याच मोसमाच्या अखेरीस त्या संघाने अजिंक्यपद जिंकले.