वरळी ते निजामपुरा : कामगारशिक्षणाच्या वाटचालीतला एक राहिलेला धडा

मार्च १९६७ मध्ये वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. भोवती गिरण्या आणि चाळी. पदव्या देणारे हे विद्यापीठ नव्हे. कामगाराला आणि त्याच्या घरातल्यांना हाताचे कसब शिकवायचे आणि त्याच बाकावर आरोग्याचे, हक्कांचे, हिशेबाचे ज्ञानही द्यायचे, अशी ही बहुविध शिक्षणाची कल्पना होती. शिवणयंत्र शिकायला आलेल्या बाईला स्वतःच्या शरीराचीही माहिती हवी, हे यात गृहीत होते. मला ती या संस्थेची सर्वांत मोठी पुण्याई वाटते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. कापड यंत्रमागावर गेले. भिवंडी आधीपासूनच मागांचे गाव, ते आणखी वाढले. निजामपुरा हा त्यातला जुना मोहल्ला. महापालिकेच्या नावातही भिवंडीला निजामपूर जोडलेले आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून बरेच पुरुष एकटेच आले. बारा तासांची पाळी, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवण, कारखान्यातच किंवा भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने झोपणे आणि वर्षातून एखादी गावाकडची फेरी.

त्याच दशकात, १९८६ मध्ये, चेन्नईत एचआयव्हीची भारतातली पहिली नोंद झाली. १९९२ ला राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, १९९८ ला राज्याची एड्स नियंत्रण संस्था. ट्रकचालक, स्थलांतरित कामगार, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यावर रोख ठेवला गेला आणि तो योग्यच होता. दुसरीकडे श्रमिक विद्यापीठे २००० मध्ये जन शिक्षण संस्थान झाली, २०१८ मध्ये शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. कसबाबरोबर जीवनशिक्षण हे सूत्र कागदावर टिकले. पण प्रौढांच्या वर्गात एचआयव्हीचे व्याख्यान ठेवले की ते शिकणाऱ्यांसाठी असते. शिकवणाऱ्या बाई, नावनोंदणी करणारा कारकून, शिपाई यांना कोण शिकवणार?

शिवणवर्गच घ्या. सुई बोटात रुतते, रक्ताचा थेंब कापडावर पडतो आणि शेजारची विचारते, “मॅडम, हिची सुई मला लागली तर एड्स होईल का?” शिक्षिकेला तिथल्या तिथे उत्तर देता आले पाहिजे: बोट साबणाने धू, पट्टी लाव, शिवणाच्या सुईने असा धोका जवळपास नसतोच. एकाचे इंजेक्शन दुसऱ्याला टोचणे मात्र खरोखर धोक्याचे. ब्यूटिपार्लरच्या वर्गात ब्लेड दर वेळी नवे. एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने, एकच संडास वापरल्याने एचआयव्ही होत नाही.

याहून अवघड प्रसंग वर्ग सुटल्यावर येतो. सगळ्या गेल्या की एखादी मागे रेंगाळते आणि सांगते, नवऱ्याला सरकारी दवाखान्यात रोजच्या गोळ्या सुरू झाल्यात. त्या क्षणी शिक्षिकेचा चेहरा बदलला, तर ती बाई पुन्हा वर्गाला येणार नाही. म्हणून तयारी आधीच हवी. सरकारी केंद्रात समुपदेशन आणि तपासणी मोफत होते. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषधेही फुकट देते, मुंबईचे जे. जे. रुग्णालय सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गरोदर बाईला वेळेवर उपचार मिळाले तर बाळालाही बहुतेक वेळा वाचवता येते.

आणि त्या बाईने सांगितलेले कोणाला सांगायचे नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तपासणीची अट घालता येत नाही, भेदभाव करता येत नाही, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कारकुनाच्या वहीतला एक शेराही या गोपनीयतेत येतो, हे कारकुनाला माहीत नसेल तर कायदा कपाटातच राहील.

निजामपुऱ्यासारख्या वस्तीत प्रौढांचे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे: नव्या तुकडीची नावनोंदणी सुरू करण्याआधी एक पूर्ण दिवस आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवा, शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांना एकत्र बसवा, सरकारी केंद्रातल्या समुपदेशकाला बोलवा, आणि १०९७ हा मोफत मदतक्रमांक दारावरच्या फलकावर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लिहा.