पहिली चूक वाचा

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात २००४ पासून सुखोई विमाने आधी रशियन सुटे भाग जोडून, पुढे कच्च्या मालापासून तयार झाली. सोर्स कोड कंपाइल करणे हे या दुसऱ्या प्रकारातले काम.

१९७६ साली बेल लॅबमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ वाया गेली. प्रोग्राममधली चूक दुरुस्त केलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, याची नोंद पाहून तो लिनक्सवर आजही काम करतो.

मात्र लागणारा भाग यंत्रावर नसेल, तर ‘मेक’ थांबतो. लायब्ररी असते, तिची ओळख करून देणारी हेडर फाइल, डेबियनमध्ये, वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात राहते. एवढ्या उणिवेपोटी पडदा चुकांनी भरतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो: शेवटची नव्हे, पहिली चूक वाचा.