तरीचे भाडे

हाँगकाँगच्या कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात 'स्टार फेरी' असतेच. कौलूनच्या त्सिम शा त्सुई धक्क्यावर हिरव्या-पांढऱ्या बोटीत बसायचे, व्हिक्टोरिया बंदर ओलांडायचे आणि दहाएक मिनिटांत बेटावरच्या सेंट्रलला उतरायचे. समोर उंच इमारतींची रांग, त्यांच्या पाठीशी डोंगर. थोडक्या पैशांत एवढा देखावा जगात क्वचितच मिळत असेल. ही ख्याती खोटी नाही, पण ती उशिरा मिळालेली आहे. कोकणात खाडीपार नेणाऱ्या होडीला 'तर' म्हणतात, आणि तरीवर आलेला माणूस आधी विचारतो ते भाडे. पाण्याचा रंग तो नंतर पाहतो. स्टार फेरीचा इतिहासही देखाव्यापेक्षा भाड्यातून अधिक नीट वाचता येतो.

हाँगकाँग बेट 1842 मध्ये ब्रिटिशांकडे गेले आणि समोरचे कौलून 1860 मध्ये. एकाच वसाहतीचे दोन तुकडे, मध्ये समुद्र. या गरजेतला धंदा ओळखला तो दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. मुंबईच्या पारशांचा चीनशी व्यापार तेव्हा जुनाच होता. दोराबजी मात्र पेढीवाल्यांपैकी नव्हता, तो चोरून बोटीवर चढून आला आणि आचारी म्हणून राबला, असे सांगतात. 1888 मध्ये त्याने 'कौलून फेरी कंपनी' काढली. दहा वर्षांनी, 1898 मध्ये, ती कौलूनच्या धक्के-गोदामांच्या कंपनीकडे गेली आणि बोटींच्या नावांतला 'स्टार' कंपनीच्या नावात आला. ती गोदाम कंपनी उभारणारा पॉल चेटर हा कोलकात्यात जन्मलेला आर्मेनियन. धक्के, गोदामे आणि जमिनी कौलूनला असलेल्यांना तिथवर माणसे पोचवणारी बोटही हाताशी हवी होती, हा सरळ हिशेब आहे. बोट देखाव्यासाठी नव्हे, ने-आण करण्यासाठी होती, हे तिची घडणही सांगते. तिची दोन्ही टोके सारखी असतात, म्हणून ती धक्क्यावर वळत नाही. फक्त बाकांच्या पाठी उलटवल्या जातात. पुढे 1916 मध्ये कँटनकडे जाणाऱ्या रेल्वेचे स्थानक धक्क्यालगत उभे राहिले आणि गाडीतून उतरलेला माणूस थेट बोटीत चढू लागला.

भाडे म्हणजे या शहराची दुखरी नस होती, हे 1966 मध्ये दिसले. कंपनीने वरच्या वर्गाचे तिकीट 20 सेंटांवरून 25 सेंट करण्याची परवानगी मागितली. एल्सी इलियट या नगरपरिषद सदस्येने विरोधात हजारो सह्या गोळा केल्या. एप्रिलच्या आरंभी एक तरुण सेंट्रलच्या धक्क्यावर उपोषणाला बसला. त्याला अटक झाली आणि कौलूनमध्ये दंगल उसळली. एकाचा जीव गेला, चौदाशेहून अधिक लोक पकडले गेले. इथे कोणी विचारील की वाढ पाच सेंटांची, तीही फक्त वरच्या वर्गाची. खालच्या मजल्यावरच्या गरिबाला तिची झळ कशी? आक्षेप रास्त आहे. पण तेव्हा समुद्राखालून बोगदा नव्हता, वरून पूल नव्हता. पलीकडे जायचे तर बोटीनेच. घरांची टंचाई आणि तुटपुंजी मजुरी यांनी गांजलेल्यांना एक वाढ म्हणजे पुढच्या सगळ्या वाढींची नांदी वाटली. शिवाय राज्यकारभारात ज्यांना जवळपास काहीच आवाज नव्हता, त्यांना सरकारशी भांडायला रोज हातात येणारे तिकीट हेच निमित्त सापडले.

दुसरा आक्षेप असा, की देखाव्याचे कौतुक पूर्वीही होते. 'द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग' हा 1960 चा हॉलिवूडपट याच बोटीवर सुरू होतो. खरे आहे. पण त्या बोटीवर नायकाची आणि नायिकेची गाठ पडते, ती सगळे शहर तिथूनच ये-जा करते म्हणून. निव्वळ देखाव्यासाठी बोट पकडायची, हा प्रघात रुजायला आधी ती टाळता येणे आवश्यक होते. ती सोय 1972 च्या बोगद्याने आणि 1980 मध्ये समुद्राखालून धावू लागलेल्या मेट्रोने केली. घाई असलेले उतारू खालून जाऊ लागले आणि सवड असलेल्यांना बोट दिसू लागली.

देखावा हेच या बोटीचे सर्वस्व असते, तर 2006 मध्ये कोणाला राग यायचे कारण नव्हते. समुद्रात भर घालण्यासाठी सेंट्रलचा 1950 च्या दशकातला धक्का पाडायचे ठरले. बोटी त्याच राहणार होत्या, समुद्रही तोच. नवा धक्का तर 1912 च्या जुन्या धक्क्याच्या धर्तीवर, अधिक नटवून बांधलेला. पाडली जाणारी इमारत साधी काँक्रीटची, घड्याळाचा मनोरा असलेली. सहलीच्या छायाचित्रात नवीच शोभली असती. तरीही त्या नोव्हेंबरात शेवटच्या फेऱ्यांना गर्दी लोटली, आणि डिसेंबरात मनोरा उतरवताना तरुण निदर्शक आवारात घुसले. हा गतकातरपणा होता, असे म्हणून भागत नाही. ज्या धक्क्यावर 1966 चे उपोषण झाले, जिथे आईबाप रोज उतरत, ती जागा जात होती. देखणी नक्कल तिची भरपाई करू शकत नव्हती.

मग पर्यटकांना नावे ठेवावीत का? मुळीच नाही. रोजचे उतारू बोगद्याने आणि मेट्रोने नेल्यावर बोट चालू राहिली, त्यात त्यांच्या पैशाचा वाटा आहे. पण या बोटीचे भाडे कामाच्या दिवशी कमी आणि शनिवार-रविवारी व सुट्टीला जास्त असते. ज्याला पलीकडे जायचेच आहे आणि जो हौसेने आला आहे, या दोघांतला फरक कंपनीच्या भाडेपत्रकाला आजही कळतो. तो सहलीच्या कार्यक्रमात लिहिलेला नसतो, एवढेच.