झाशीचा थोरला, ग्वाल्हेरचा धाकटा

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले आणि तिसऱ्याच दिवशी २९ ऑगस्ट आला. हा मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस. देशभर तो राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, शाळांतून भाषणे होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतो. ८ सप्टेंबरला त्यांच्या धाकट्या भावाचा, कॅप्टन रूपसिंगांचा जन्मदिवस. हा दिवस मात्र खुद्द ग्वाल्हेरातही फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. वास्तविक धाकटे बंधू आपल्या गावचे. ग्वाल्हेर संस्थानाच्या सैन्यात त्यांनी नोकरी केली, इथेच ते कॅप्टन झाले, इथेच राहिले आणि १६ डिसेंबर १९७७ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला.

आमच्या लहानपणी लष्करातल्या मराठी घरांत एक वाद ठरलेला असे. दोघा भावांत श्रेष्ठ कोण? झाशीचे थोरले की ग्वाल्हेरचे धाकटे? जेवणे आटोपून मंडळी ओट्यावर आली, की कुणीतरी ठिणगी टाकायचे. त्यातून झाशीचे पाहुणे आलेले असले म्हणजे विचारायलाच नको. झाशी इथून जेमतेम शंभर किलोमीटर. नेवाळकरांच्या काळापासून तिथे वसलेली मराठी घराणी आणि शिंद्यांबरोबर आलेली आपली घराणी यांच्यात सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. झाशीहून आलेली सूनबाई एरवी चारचौघांत बोलायची नाही, पण ध्यानचंदांना कुणी उणे म्हटले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. गंमत अशी, की दोघे भाऊ काही मराठी नव्हेत. वडील इंग्रजी फौजेत, थोरल्याचा जन्म अलाहाबादचा, धाकट्याचा जबलपूरचा, आणि बदल्यांच्या फेऱ्यांनंतर घर झाशीला स्थिरावलेले. तरी ‘आपला रूपसिंग’ म्हणताना आमच्या आजोबांची जीभ कधी अडखळली नाही. आपणही तर बाहेरून येऊन इथले झालो. तसेच तेही झाले.

हा वाद ग्वाल्हेरात इतका रंगायला आणखी एक कारण होते. हॉकी या गावाला परकी नव्हती. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी भारतीय हॉकी महासंघाची स्थापना झाली ती ग्वाल्हेरात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराज माधवराव शिंदे पॅरिसला निवर्तले होते. जिवाजीराव अजून लहान होते. अशा दिवसांत देशाच्या हॉकीचा कारभार इथून सुरू झाला. पहिले अध्यक्ष कर्नल ब्रूस टर्नबुल आणि चिटणीस एन. एस. अन्सारी. तीन वर्षांच्या आत भारताने ॲम्स्टरडॅमला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि त्यात एकट्या ध्यानचंदांचे १४ गोल होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आता मूळ वादाकडे वळू. ग्वाल्हेरवाल्यांचे पहिले पान म्हणजे १९३२ चे लॉस एंजेलिस. स्पर्धेत संघ तीनच होते: भारत, जपान आणि अमेरिका. जपानला आपण ११-१ ने हरवले आणि ११ ऑगस्टला यजमान अमेरिकेवर २४ गोल चढवले. त्या २४ पैकी रूपसिंगांचे १० आणि ध्यानचंदांचे ८. दोन्ही सामने मिळून भारताचे ३५ गोल झाले, त्यांत धाकट्याचे १३ आणि थोरल्याचे १२. तो २४ गोलांचा आकडा भारतीय संघाला पुढे ८६ वर्षे ओलांडता आला नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत हाँगकाँगवर २६ गोल झाले तेव्हा कुठे तो मागे पडला. आजोबा हे आकडे पाढ्यासारखे म्हणत आणि शेवटी ‘एकाने का होईना, जास्तच ना?’ असे विचारून पानाचा डबा पुढे ओढत.

झाशीकरांचे उत्तर तयार असे. अमेरिकेचा तो संघ नवशिका होता, त्याच्यावरच्या गोलांची काय मातब्बरी? खरी परीक्षा १९३६ ची, बर्लिनची. सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ ने हरवले होते. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला झाला. संघाचे कप्तान ध्यानचंद. उत्तरार्धात त्यांनी बूट काढून ठेवले आणि जर्मनांची दाणादाण उडवली, ही गोष्ट झाशीच्या प्रत्येक पाहुण्याला तोंडपाठ. सामना ८-१ ने जिंकला. त्यांतले थोरल्याचे गोल कुणी तीन सांगतो, कुणी सहा, पण त्या दिवसाचा नायक कोण याबद्दल दुमत नाही. यावर आमच्याकडून हळूच विचारले जाई, ‘मध्यंतराला भारत एकाच गोलने पुढे होता ना? तो गोल कुणाचा?’ तो होता रूपसिंगांचा. कोंडी त्यांनी फोडली होती.

गोल मोजून वाद मिटत नाही हे कळायला आम्हाला मोठे व्हावे लागले. त्या काळी आघाडीला पाच जण खेळत: राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन आणि लेफ्ट आउट. ध्यानचंद मधोमध, सेंटर फॉरवर्ड. रूपसिंग त्यांच्या डाव्या हाताला, लेफ्ट इन. आता हॉकीची काठी हातात घेऊन पाहा. तिची सपाट बाजू डावीकडे असते. डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नियमातच नाही. उजवीकडून डावीकडे चेंडू मारणे त्यामुळे सोपे जाते. डाव्या बाजूने धावणाऱ्याला मात्र गोल उजव्या हाताला दिसतो. त्याला एक तर सगळे अंग वळवावे लागते, नाही तर काठी उलटी करून खेळावे लागते, आणि तेवढ्यात बचाववाला येऊन उभा राहतो. अशा अडचणीच्या जागेवरून रूपसिंग ऑलिंपिकच्या एका सामन्यात दहा गोल करतात. त्यांचा फटका इतका जोरकस असे, की कुणाला लागेल म्हणून थोरला भाऊ त्यांना दटावत असे, असे सांगतात.

पण मधल्या माणसाचे कामही सोपे नसते. सगळी गर्दी त्याच्याच भोवती जमते. ती गर्दी आपल्याकडे ओढून घ्यायची आणि चेंडू नेमका मोकळ्या सोबत्याकडे सरकवायचा, ही ध्यानचंदांची खरी करामत. आपला सर्वोत्तम सामना कोणता, याचे उत्तर देताना त्यांनी लॉस एंजेलिस किंवा बर्लिन सांगितले नाही. त्यांनी सांगितला १९३३ चा कलकत्त्याच्या बायटन कपाचा अंतिम सामना, झाशी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. तो झाशीने एकमेव गोलने जिंकला, आणि तो गोल ध्यानचंदांचा नव्हता. त्यांनी दिलेल्या चेंडूवर धावत जाऊन सोबती इस्माइल यांनी तो केला होता. गोलांचा बादशहा म्हणून जग ज्याला ओळखते, त्याला स्वतःचा मोठेपणा दिलेल्या पासमध्ये दिसत होता.

यातच आमच्या ओट्यावरच्या वादाचे उत्तर दडलेले असावे. लेफ्ट इनचे गोल मोजताना चेंडू कुणी पोहोचवला हे विचारावे लागते, आणि सेंटर फॉरवर्डला मोकळीक कशी मिळाली हे विचारताना डावीकडून कुणाची धास्ती होती हे पाहावे लागते. एकाला वजा केले तर दुसऱ्याचा हिशेब जुळत नाही. धाकटा आपल्यापेक्षा सरस खेळतो, असे ध्यानचंद स्वतः म्हणत. यावर ग्वाल्हेरवाले टाळ्या पिटत आणि झाशीवाले म्हणत, ‘बघा, मोठेपणा याला म्हणतात!’ लॉस एंजेलिसला जायला धड कपडे नाहीत म्हणून रूपसिंग अडून बसले आणि थोरल्याने पदरमोड करून ते शिवून दिले, ही गोष्टही दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने सांगत.

आता थोडे स्वतःविषयी. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक केले ते ग्वाल्हेरात. १४७ चेंडूंत नाबाद २००, भारत ३ बाद ४०१. दादरचा मुलगा आपल्या गावात येऊन इतिहास घडवून गेला. आम्ही पेढे वाटले, नातेवाइकांना मुंबई-पुण्याला फोन केले. मैदानाचे नाव जगभर ऐकू आले: कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. त्या रात्री घरातल्या एका पोराने विचारले, ‘हे रूपसिंग कोणते क्रिकेटर?’ त्याचे काही चुकले नव्हते. मैदान मुळात हॉकीचे होते, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. त्या सामन्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही. ६ ऑक्टोबर २०२४ पासून मोठे क्रिकेट शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर गेले. रूपसिंगांचे नाव टीव्हीवर ऐकू येण्याचे एक निमित्त होते, तेही गेले.

जगाने त्यांना अगदीच विसरून टाकलेले नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या खास नकाशात स्थानकांना थोर खेळाडूंची नावे दिली होती. त्यांत तीन भारतीय हॉकीपटू होते: ध्यानचंद, रूपसिंग आणि लेस्ली क्लॉडियस. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या आघाडीला ग्वाल्हेरचे शिवेंद्र सिंग होते आणि झाशीचे तुषार खांडकरही. आडनाव ऐकून आमच्या घरांत कान टवकारले गेले. संघ शेवटच्या, बाराव्या क्रमांकावर राहिला, पण झाशी-ग्वाल्हेरची जोडी पुन्हा एका संघात दिसली याचे समाधान वाटले. २००६ पासून इथे राज्याची महिला हॉकी अकादमी आहे. तिथे घडलेली आपल्या गावची इशिका चौधरी भारताकडून खेळली. म्हणजे काठीची खटखट या गावात अजून थांबलेली नाही.

थोरल्याच्या नावाने देशाचा खेलरत्न पुरस्कार आहे, दिल्लीत स्टेडियम आहे, झाशीच्या टेकडीवर पुतळा आहे. धाकट्याचे स्मारक म्हणजे आपल्या गावातले ते एक मैदान, आणि दुसरे म्हणजे आपल्या ओट्यांवरचा तो वाद. मैदान सांभाळणे आपल्या हाती नाही, वाद जागता ठेवणे आहे. श्रेष्ठ कोण, याचे उत्तर नाही मिळाले तरी चालेल, पण भांडायला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात.

२०२५ मध्ये ८ सप्टेंबर पितृपक्षाच्या आरंभी आला. आपण आपल्या पितरांची आठवण काढू, तेव्हा या गावच्या एका लेफ्ट इनचीही काढू या. त्याआधी, आरतीनंतर प्रसाद घेताना, शेजारच्या मुलाला सहज विचारून पाहावे: अमेरिकेवर दहा गोल कुणी केले होते? तो ध्यानचंद म्हणाला, तर वाद सुरू झालाच म्हणून समजा.

गणपती बाप्पा मोरया!